एकशे पन्नासच्या पुढे

दाढ काढून मी जिना उतरून खाली आले तेव्हा नवा वजनकाटा दवाखान्यात येऊन पडला होता. दातांचा डॉक्टर आमच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर बसतो, त्यामुळे रजा टाकायचं काही कारण नव्हतं. सकाळी आठला त्याने बराच वेळ टिकणारी भूल टोचली, साडेआठला दाढ माझ्या डोळ्यांसमोर बशीत टाकली आणि पावणेनऊला मी खाली पांढरा युनिफॉर्म चढवून उभी होते. डावा गाल, ओठाचा कोपरा, अर्धी जीभ, सगळं परक्याचं. पाणी प्यायले तर हनुवटीवरून ओघळलं आणि ते मला समोरच्या आरशात दिसल्यावर कळलं. काटा आणणाऱ्या माणसाने खोका फाडला, पुठ्ठे बाजूला केले, "कुठे ठेवू सिस्टर?" म्हणून विचारलं, आणि मी नुसतं बोट दाखवलं. त्याने वायर लावली. मग जुना काटा उचलून पोटाशी धरला आणि तसाच नव्यावर चढला. "बघा, मी आणि म्हातारबुवा मिळून ब्याण्णव!" मी अर्ध्या तोंडाने हसले. तेवढ्यात डॉक्टरबाई पावतीवर सही करायला बाहेर आल्या. पावतीत जुन्या काट्याची माहिती भरायची होती, म्हणून त्याने तो उलटा केला आणि बुडावरची पट्टी वाचून दाखवली. "जास्तीत जास्त एकशे पन्नास किलो." डॉक्टरबाई सही करता करता म्हणाल्या, "एवढाच होता होय हा? नशीब म्हणायचं. आपले मास्तर बरोब्बर काठावर बसत होते." आणि आत गेल्या. पहिला पेशंट खोकत होता. मी जुन्या काट्याकडे बघत राहिले. त्याच्यावर पायांच्या दोन फिकट जागा पडल्या होत्या, हजारो माणसांनी मिळून झिजवलेल्या.

मास्तर काठावर नव्हते. हे मला ठाऊक होतं, दीड वर्षापासून ठाऊक होतं. सकाळी उठून दात घासताना किंवा बस येईपर्यंत उभी असताना ते मध्येच आठवायचं आणि मग विसरायला होत असे, एखादं बिल भरायचं राहिल्यासारखं. त्याचा विषय आज दुसऱ्याच्या तोंडून, इतक्या सहज, सही करता करता निघाला. मला वाटलं माझ्या छातीत धस्स होईल. झालं नाही. मी गालाला बोट लावलं तर बोटाला गाल कळला, गालाला बोट कळलं नाही.

बुधवार आमच्याकडे वजनाचा वार. इतर दिवशी खोकला, पोटदुखी, शाळेचे दाखले, आणि बुधवारी दुपारपर्यंत फक्त जाड माणसं. डॉक्टरबाईंनीच हे सुरू केलं, मनापासून केलं. त्या माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत आणि कुणाला "खाणं कमी करा" एवढंच सांगून घालवत नाहीत. बसवून घेतात, झोप विचारतात, गुडघे विचारतात, घरी कोण शिजवतं ते विचारतात. पण बुधवारभर तेच ऐकायचं म्हणजे माणूस निबर होतो. "मी काहीच खात नाही हो डॉक्टर." "माझं नुसतं पाणी प्यायलं तरी अंगी लागतं." काट्यावर चढण्याआधी लोक घड्याळ काढतात, चष्मा काढतात, खिशातली किल्ली माझ्या हातात देतात, एक बाई तर दातांची कवळी काढून ठेवायच्या. आणि सगळे श्वास धरतात. श्वास धरून वजन उतरत असतं तर आम्ही दोघी केव्हाच घरी बसलो असतो. ह्या लहानसहान लबाड्यांवर आम्ही दोघी चहाच्या वेळी हसायचो, त्यात वाईट काही नव्हतं. पण रोज खोटं ऐकणाऱ्याला खरं ऐकायची सवय मोडते, ते आम्हाला कळलं नाही.

काट्यावर पाठमोरं उभं करायची पद्धत माझी. आकडा भिंतीवरच्या डबीत उमटतो, मी तो बघते, संगणकाच्या चौकटीत भरते, माणूस दाराकडे तोंड करून उभा. ज्याला बघायचं नाही त्याने बघू नये. मी हे आणलं त्याला कारण ताई. शाळेत वर्षातून एकदा उंची-वजन व्हायचं. सगळी शाळा पटांगणात रांगेने उभी, एक शिक्षक काट्याशी, दुसरे टेबलाशी वही घेऊन, आणि पहिले दुसऱ्यांना आकडा ओरडून सांगायचे. ताईचा आकडा ओरडला गेला तेव्हा टेबलावरचे शिक्षक म्हणाले, "परत सांगा?" आणि पटांगण हसलं. मी दोन वर्गांमागे, दुसऱ्या रांगेत होते. ताईची वेणी पाठीवर सरळ पडली होती आणि त्या दिवशी आईने दोघींना एकाच रंगाच्या रिबिनी बांधल्या होत्या, एवढं मला दिसतं. त्यापुढचं दिसत नाही. पुढे नर्स झाले तेव्हा ठरवलं की माझ्या काट्यावर कुणाचा आकडा ओरडला जाणार नाही. ह्या पद्धतीचं कौतुक झालं. दुसऱ्या दवाखान्यातल्या सिस्टर बघायला आल्या. मी ताईला फोनवर अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, "चांगलंय." मग म्हणाली, "मला कधी विचारलं नाहीस, त्या दिवशी मला कशाचं लागलं ते." मी म्हटलं, कशाचं? "जाऊ दे, दूध उतू जातंय," म्हणाली आणि फोन ठेवला.

मास्तर म्हणजे शिंपी. दवाखान्यापासून दोन चौक सोडून त्यांचं दुकान आहे, पुढे शिवणयंत्र, मागे कापायचं टेबल, आणि टेबलाच्या काठावर पोट टेकून टेकून पडलेला एक गुळगुळीत भाग. माणूस प्रचंड, बोलणं हळू. पहिल्या बुधवारी आले ते गळ्यात टेप तशीच लटकवून. गुडघे गेलेले होते, आणि गुडघ्याचा सर्जन म्हणाला होता, वजन उतरवा, मग बोलू. मी त्यांना पाठमोरं उभं केलं. त्यांची पावलं काट्याच्या दोन्ही बाजूंनी थोडी बाहेर आली. डबीत आकडे भराभर पळाले, एकशे पन्नासपर्यंत गेले आणि मग नुसत्या दोन आडव्या रेघा आल्या. मी त्यांना उतरवलं, परत चढवलं. रेघाच. "काय झालं सिस्टर, मोडला का?" मास्तर दाराकडे बघत म्हणाले, आणि स्वतःच हसले. ते हसणं मी ओळखलं. दुसऱ्या कुणी हसायच्या आत जो आपणच हसून घेतो, त्याचं हसणं. मी म्हटलं, "छे, झालं की." संगणकाच्या चौकटीत रेघ चालत नाही, आकडाच लागतो, आकडा भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मी एकशे पन्नास भरले. माझ्या मनात होतं की डॉक्टरबाईंना नंतर सांगायचं. मोठा काटा बाजारात गोण्या मोजायला असतो, इस्पितळाच्या धोबीखान्यात असतो, पण माणसाला गोण्यांच्या काट्यावर कसं चढवायचं? डॉक्टरबाई फोनवर होत्या. मग एक पोर तापाने फणफणून आलं. मग संध्याकाळ झाली. पुढच्या महिन्यात परत रेघा आल्या आणि आता सांगायचं तर गेल्या महिन्याचंही सांगावं लागलं असतं. मी एकशे पन्नास भरले. तिसऱ्या महिन्यात हात आपोआप गेला.

त्यांना आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलं होतं. फार महाग, पण आरोग्य खात्याच्या यादीतून मिळतं, एका अटीवर, की सहा महिन्यांत शंभर किलोंमागे निदान पाच उतरले पाहिजेत. नाही उतरले तर बंद, आणि ते दुसऱ्याला. मास्तर दर आठवड्याला माझ्याकडून सुई घ्यायचे आणि एक शब्द न बोलता पोटाची सुरकुती माझ्यापुढे धरायचे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून मला दिसत होतं. विजारीला कमरेशी दोन्हीकडे चुण्या आल्या होत्या, आणि पुढच्या वेळी चुण्या गेल्या होत्या, म्हणजे त्यांनी ती आत घेतली होती. टाका इतका बारीक की उसवल्याची खूण नाही. सदऱ्याची बटणं सरकली होती. त्यांच्या पायांना काट्याच्या बाजूला बोटभर जागा मिळायला लागली होती. आणि डबीत दोन रेघा. माझे डोळे एक सांगत होते आणि माझा हात दुसरं भरत होता, आणि त्या दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती.

सहाव्या महिन्याच्या बुधवारी इंजेक्शन पुढे द्यायचं की नाही त्याचा फॉर्म आला. मी त्याच खोलीत वापरलेल्या सुया डब्यात टाकत होते. डॉक्टरबाईंनी संगणकाचा पडदा वर-खाली केला, एकशे पन्नास, एकशे पन्नास, एकशे पन्नास. "मास्तर, एक किलोसुद्धा नाही?" मास्तर म्हणाले, "बाई, असं कसं? माझी टेप सांगतेय चार-साडेचार इंच गेले." आणि त्यांनी खिशातून त्यांची मापाची वही काढली, गिऱ्हाइकांची मापं लिहायची लांबट वही, तिच्या शेवटच्या पानावर त्यांनी आपली कंबर मांडली होती. डॉक्टरबाईंनी वही हातात घेतली नाही. त्या रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या, बाहेर अकरा माणसं होती. "मास्तर, टेप जरा ओढून धरली की इंच कमी भरतात. काट्याला तसं ओढता येत नाही. दुसऱ्या कुणाशी नाही, निदान स्वतःशी तरी खरं बोला." चाळीस वर्षं टेप धरलेला माणूस. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मदतीसाठी नाही, नुसतं, खोलीत अजून कोण आहे हे बघतात तसं. मी डब्याचं झाकण लावत होते. ते झाकण दोनदा दाबावं लागतं. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, बोटांवर गुंडाळली, खिशात टाकली आणि म्हणाले, "असेल. वय झालं. हात चुकत असेल." इंजेक्शन बंद झालं. ते परत आले नाहीत.

हे इतकंच असतं तर मी कदाचित ते तसंच घेऊन निवृत्त झाले असते. पण चार महिन्यांपूर्वी नवे युनिफॉर्म आले आणि माझा खांद्यात सैल निघाला. मी दुसऱ्या शिंप्याकडे जाऊ शकले असते. गेले मास्तरांकडे. कशाला गेले, मला अजून नीट सांगता येत नाही. मला वाटतं मी बघायला गेले. ते पुढच्या खुर्चीत बसून काज करत होते. गळा मोकळा होता. अंग परत भरलं होतं, खुर्चीच्या हातांमधून बाहेर आलं होतं. मी युनिफॉर्म दिला तर ते उठले नाहीत. "बायको घेईल माप. मी आता कापत नाही. हाताचा भरवसा राहिला नाही, उगाच लोकांचं कापड कशाला नासा?" त्यांच्या बायकोने माझं माप घेतलं, चटचट, मनाविरुद्ध, तिची स्वयंपाकाची वेळ होती. मास्तर सुईत दोरा ओवत खाली बघत होते. सांगायला तेव्हा काही अडचण नव्हती. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी विचारलं, "कधी मिळेल?" आणि परवा म्हणाले तशी परवा जाऊन घेऊन आले. डाव्या खांद्याला जरासा चुकलाच होता. मी तोच घालते.

दुपारी एक वाजता शेवटचा पेशंट गेला. डॉक्टरबाई डबा उघडत होत्या. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "मास्तर काठावर नव्हते." माझ्या अर्ध्या जिभेमुळे ते नीट उमटलं नसावं. "काय?" मी परत म्हटलं. मग सगळं सांगितलं, रेघा, चौकट, सहा महिने. मला वाटतं पाच वाक्यं लागली. दीड वर्षं आणि पाच वाक्यं. डॉक्टरबाईंनी चमचा खाली ठेवला. "किती होते मग?"

"माहीत नाही."

"साधारण?"

"साधारणही नाही. एकशे पन्नासच्या वर, एवढंच."

त्यांनी डबा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "मी त्यांना खोटं ठरवलं, सिस्टर. तुम्ही तिथेच होतात." मी म्हटलं, हो. "त्यांनी वही काढली होती. मी हातात घेतली असती तरी..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. त्या मला काहीतरी बोलतील ह्याची मी वाट बघत होते, कारण बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आज बोलावून घ्या. परत फॉर्म भरते, जुना रद्द करायला लावते. पण जुनं वजन काय लिहू? आजचंच पहिलं धरावं लागेल. मीच बोलते त्यांच्याशी."

"नको," मी म्हटलं. "आधी मी सांगते."

फोन बायकोने उचलला. मी म्हटलं, नवा काटा आलाय, मास्तरांना पाठवा. जेवण काही गेलं नाही. तीनच्या सुमाराला गालात मुंग्या सुरू झाल्या, मग ओठ जड झाला, आणि मग दाढ होती त्या खड्ड्यात ठणका लागला, हळूहळू, कुणीतरी लांबून जिना चढत येतंय तसा. वरच्या डॉक्टरने गोळी दिली होती. मी ती घेतली नाही.

ते साडेचारला आले, काठी टेकत. काही न विचारता काट्याकडे गेले आणि सवयीप्रमाणे दाराकडे तोंड करून चढले. "पाऊल मावतंय की अख्खं," म्हणाले. डबीत आकडे पळाले आणि थांबले. एकशे अडुसष्ट पूर्णांक चार. किती साधं होतं ते. माझ्यासमोर त्यांची पाठ होती, सदऱ्याची मधली शिवण मानेपासून खालपर्यंत एका रेषेत. त्या पाठीलाच मी सांगायला लागले.

"मास्तर, जुना काटा एकशे पन्नासपर्यंतच होता."

"हं."

"तुम्ही चढलात की आकडा यायचाच नाही. दोन रेघा यायच्या. एकशे पन्नास मी लिहायचे. माझ्या मनाने."

त्यांची काठी फरशीवर जराशी हलली. "सहाही वेळा?"

"सहाही."

"मग मी किती होतो?"

"माहीत नाही."

"आणि उतरलो किती?"

"तेही नाही. आता कुणालाच कळणार नाही."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पिंपिं आवाज बराच वेळ आला. तो थांबल्यावर मास्तर म्हणाले, "म्हणजे टेप बरोबर होती."

"हो."

"हात बरोबर होता."

"हो, मास्तर."

"तुम्ही युनिफॉर्म घेऊन दुकानात आलात. तेव्हा ठाऊक होतं?"

डावा जबडा आता कानापर्यंत ठणकत होता. "हो," मी म्हटलं. "त्या दिवशी खोलीतही ठाऊक होतं." आणि मला लाज वाटली. सकाळपासून जिची वाट बघत होते ती अशी आली, उशिरा, आणि आल्यावर तिला कुठे बसवावं ते मला कळेना. ताई पटांगणात काट्यावरून उतरली तेव्हा तिने दुसऱ्या रांगेत माझ्याकडे बघितलं होतं. मी मान फिरवली होती. तिला त्याचं लागलं होतं.

मास्तर म्हणाले, "गिऱ्हाइकाचं कापड माझ्याकडून चुकीचं कापलं गेलं तर मी त्याच दिवशी सांगतो. शिव्या खातो, कापड भरून देतो. त्याला पाठमोरा उभा करून ठेवत नाही." आवाज चढला नाही. मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली, एका हाताने दाराची चौकट धरली आणि काट्यावरच हळूहळू वळायला लागले. एक पाऊल, मग दुसरं. डबीतला आकडा खालीवर झाला आणि ते पूर्ण माझ्याकडे तोंड करून उभे राहिल्यावर पुन्हा तिथेच येऊन थांबला. त्यांनी तो वाचला. आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते बहुतेक. त्यांच्या तोंडावर काहीच उमटलं नाही, गिऱ्हाइकाचं माप ऐकल्यावर उमटत नाही तसंच.

मी म्हटलं, "डॉक्टरबाई परत फॉर्म भरताहेत. तुमच्याशी बोलणार आहेत त्या. इंजेक्शन मिळेल. सुरुवात आजपासून धरायची."

"आजपासून नाही," मास्तर म्हणाले. "सुरुवात मी केली होती. लिहा."

"काय?"

"कंबर. वही मी चुलीत घातली, पण मापं माझ्या डोक्यात राहतात. लिहा. एकसष्ट."

वजनाच्या चौकटीत इंच चालत नाहीत. त्याखाली शेऱ्याची रिकामी जागा असते, तिथे आम्ही कधी काही लिहीत नाही. मी पहिला बुधवार उघडला आणि तिथे लिहिलं, एकसष्ट. ते काट्यावर उभेच होते, सावकाश, एकेक महिन्याला थांबून सांगत होते आणि मी एकेक पान उघडत होते, दर पानावर वर माझे एकशे पन्नास. "साठ. साडेएकोणसाठ. साडेअठ्ठावन्न. तिथे दोन आठवडे आजारी होतो, म्हणून सव्वासत्तावन्न. मग साडेछप्पन्न." शेवटचं लिहून झाल्यावर मी वर बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे म्हणजे माझ्या युनिफॉर्मकडे, डोळे बारीक करून, डोकं जरा कलतं करून.

"आणि डावा खांदा," ते म्हणाले. "अर्धा इंच जास्त आहे."

मी तेही लिहिलं.